कपाटातली ताई

माझं ऑफिस आमच्या बेडरूममधल्या भिंतीतल्या कपाटात आहे. डावीकडे नवऱ्याचे कोट, उजवीकडे मी बारीक झाल्यावर घालायचे म्हणून ठेवलेले माझे कपडे, वर रजया, मधे एक स्टूल आणि स्टुलासमोर माइक. कपड्यांमुळे आवाज घुमत नाही, म्हणून माझ्या धंद्यातले निम्मे लोक कपाटात बसतात. उरलेल्या निम्म्यांच्या कपाटात जागा नाही.

मी आवाजाची कामं करते. नोकरी अशी कुणाची नाही. ज्याला लागेल त्याला आवाज द्यायचा आणि पुढच्या गिऱ्हाइकाची वाट बघत बसायचं. लिफ्टमध्ये ‘दरवाजा बंद होत आहे’ म्हणते ती मी. फोनवर ताटकळणाऱ्या माणसाला ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ असं धादांत खोटं सांगते तीही मीच. बाहेर लोक मला रोज ऐकतात आणि मनातल्या मनात शिव्या घालतात. घरात मला शिव्याही मिळत नाहीत, कारण त्यासाठी आधी ऐकावं लागतं.

घरात आम्ही तिघं. नवरा खऱ्या ऑफिसात खऱ्या खुर्चीवर बसतो, म्हणून तो ‘कामावर जातो’. मी ‘घरीच असते’. घरीच असणाऱ्या माणसाने प्लंबरला दार उघडायचं असतं, शेजाऱ्यांची पार्सलं घ्यायची असतात आणि या सगळ्यातून वेळ उरला तर पोट भरायचं असतं. तिसऱ्या आमच्या सासूबाई. त्या निवृत्त शिक्षिका. जन्मभर वर्गावर आवाज चढवल्यामुळे त्यांना हळू बोलणं हा आजार वाटतो, आणि टीव्हीही त्या स्वतःच्याच मापाने लावतात.

डिसेंबरात मला एक मोठं काम मिळालं. एका कंपनीने नव्या वर्षाचे संकल्प पाळायला लावणारं ॲप काढलं होतं. रोज सकाळी फोनमधून एक बाई बोलणार आणि माणूस सुधारणार, अशी साधी योजना. त्या बाईचं नाव ‘ताई’. काम देणारा मुलगा दर वाक्याच्या शेवटी ‘चालेल ना?’ म्हणायचा, म्हणून मी मनातल्या मनात त्याचं नाव चालेलना ठेवलं.

“आवाजात माया हवी,” त्याने मला समजावलं होतं. “पण चिकट माया नको. हुकूम हवा, पण हुकूम वाटायला नको. मोठ्या बहिणीसारखं. पण फार मोठी नको. चालेल ना?”

“चालेल,” मी म्हटलं.

मग तो सगळा महिना मी कपाटात बसून जगाला वळण लावलं. ‘सुप्रभात. चला, आज थोडं चालू या. फार नाही, कोपऱ्यापर्यंत.’ मांडीवर बिस्किटांचा पुडा, मान आखडलेली, पायाला मुंग्या, आणि तोंडाने ‘शरीराचं ऐका’. लोक उंटावरून शेळ्या हाकतात, मी स्टुलावरून हाकत होते. रेकॉर्डिंगच्या वेळी फ्रिजची घरघर नको म्हणून तो बंद करायचे आणि परत चालू करायला विसरायचे. ‘एकेक सवय घट्ट धरा’ हे वाक्य मनासारखं झालं, त्या दिवशी घरातलं सगळं दूध नासलं होतं.

खोटं शंभरदा बोललं की ते बोलणाऱ्यालाच पहिल्यांदा खरं वाटायला लागतं. माझंही तसंच झालं. एक जानेवारीला सकाळी मी स्वतःसाठी संकल्प करायला बसले. नोकरदारांचं बरं असतं. व्यायाम करीन, गोड कमी खाईन, साहेबाशी भांडणार नाही, की झालं. फ्रीलान्सर स्वतःच साहेब आणि स्वतःच शिपाई. साहेबाने संकल्प करायचे आणि शिपायाने ते मोडायचे, आणि मोडल्यावर साहेबाने शिपायाला रागवायचं म्हटलं तर दोघांना एकाच ताटात जेवायचं असतं.

तरीही केले. संध्याकाळी सहाला काम बंद. रविवारी कामाचा फोन घ्यायचा नाही. कुणी काम सांगितलं की लगेच ‘हो’ म्हणायचं नाही, ‘बघून सांगते’ म्हणायचं. आणि रोज मानेचा व्यायाम. चहाच्या वेळी मी हे घरात जाहीर केलं.

“सहाला बंद? फारच छान,” नवरा म्हणाला. “मग संध्याकाळी बाबांचं ते जुनं सामान लावायला घेशील.”

सासूबाईंनी बशीत चहा ओतला. “सहाला बंद करायला,” त्या म्हणाल्या, “आधी चालू कुठे होतं?”

मी उत्तर देणार तेवढ्यात फोन वाजला. चालेलना. “ताई, हॅपी न्यू इयर! एक छोटंसं काम होतं. आजच. चालेल ना?”

“बघून सांगते,” मी घरच्यांकडे बघत ठासून म्हटलं.

“अच्छा. मग मी दुसऱ्या कुणाला—”

“हो हो, करते.”

‘बघून सांगते’ आणि ‘करते’ यांच्या मधे मी श्वाससुद्धा घेतला नव्हता. म्हण आहे नव्याचे नऊ दिवस. माझं नवं पहिल्या चहालाही पुरलं नाही.

त्याच आठवड्यात सासूबाईंना डॉक्टरकडे नेलं होतं. गुडघा दुखत होता आणि साखर वाढली होती. “रोज चाला,” डॉक्टर म्हणाले. “घरात चालतेच की,” सासूबाई म्हणाल्या. मग त्यांच्या मुलाने सांगून झालं, लेकीने फोनवरून सांगून झालं, मी तर त्याआधी काही वर्षं सांगतच होते. त्या ढिम्म. शेवटी नवऱ्याने ते ॲप त्यांच्या फोनमध्ये घातलं. पहिले काही महिने फुकट होतं, हे मुख्य कारण.

दुसऱ्या दिवशी मी दात घासत होते आणि त्यांच्या खोलीतून माझा आवाज आला. ‘सुप्रभात. चला, आज थोडं चालू या. फार नाही, कोपऱ्यापर्यंत.’ ब्रश तोंडात तसाच राहिला. थोड्या वेळाने दार उघडलं, तर सासूबाई बूट घालून बाहेर. बाहेरच्या दाराची कडी काढली आणि गेल्यासुद्धा.

परत आल्या त्या घामाघूम आणि खुशीत. “किती गोड बोलते गं ती फोनमधली बाई,” पाण्याचा पेला घेत त्या मला म्हणाल्या. “असं वाटतं, आपल्या गुडघ्याची तिला काळजी आहे. नाहीतर आपल्याकडे—”

“आपल्याकडे काय?”

“काही नाही. शिकावं कुणीतरी.”

आवाज त्यांना ओळखू आला नाही याचं मला नवल वाटलं नाही. ताईचा आवाज वरच्या पट्टीत, सावकाश, ओठांवर हसू ठेवून काढलेला. माझा घरातला आवाज म्हणजे ओट्यापासून बाहेरच्या खोलीपर्यंत, टीव्हीच्या डोक्यावरून फेकायची वस्तू. त्यात हसू घालायला सवड नसते.

मी नवऱ्याला बाजूला घेतलं. “आईंना सांगून टाकते, ती बाई म्हणजे मी.”

“वेडी आहेस का?” तो कुजबुजला. “आई चालायला लागलीये! तू आहेस हे कळलं तर उद्यापासून पलंगावरून खाली उतरणार नाही.”

“का पण?”

“का म्हणजे? सुनेच्या सांगण्यावरून चालायचं?”

मग काय, तोंड दाबून बुक्क्यांचा मार. पिकतं तिथं विकत नाही, हे मला माहीत होतं, पण माझंच पीक माझ्याच घरात दुसऱ्याच्या नावाने खपताना बघणं नवीन होतं. जेवल्यावर लगेच आडवं होऊ नका, हे मी त्यांना किती वर्षं सांगत होते देव जाणे. ताईने एकदा सांगितलं आणि सासूबाई जेवणानंतर खिडकीशी उभ्या राहायला लागल्या. औषधं वेळेवर. साखर बेतात. दर वाक्यामागे “ताई म्हणाली”. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात. ही माझ्याच घशातून आली आणि माझ्यापेक्षा गोड झाली.

ॲप जोरात चाललं. जानेवारी निम्मा सरला तेव्हा चालेलनाचा फोन आला. रविवार होता, मी घेतला. “ताई, लोकांना तुमच्याशी बोलायचंय! आम्ही ‘मनातलं बोला’ असं बटण दिलंय. त्यातले निवडक निरोप मी पाठवत जाईन, नावं काढून. तुम्ही उत्तरं रेकॉर्ड करायची. संध्याकाळी सहानंतर पाठवीन. चालेल ना?”

अशा रीतीने सहा आणि रविवार एकाच फोनमध्ये गेले. मानेचा व्यायाम तेवढा शिल्लक होता, कारण तो सुरूच केला नव्हता.

निरोप गमतीचे असायचे. एका गृहस्थांनी सिगरेट सोडली होती आणि ती सोडल्याच्या आनंदात एखादी ओढली तर चालेल का, असं विचारलं होतं. एका बाईने गिटार शिकायचा संकल्प केला होता. गिटार दिसेल अशी ठेवली आहे, ते सुरुवात म्हणून धरता येईल का, हा तिचा प्रश्न. सगळ्यांना मी मायेने, पण चिकट न होता, उत्तरं देत होते. आणि एका संध्याकाळी हेडफोनमध्ये आधी खाकरण्याचा आवाज आला. पुढचा वर्ग शांत व्हावा म्हणून खाकरतात, तसा.

“ताई,” सासूबाई म्हणाल्या, “मी रोज चालते. गुडघा बरा आहे. एक घरचं विचारायचं होतं. माझी सून दिवसभर कपाटात बसते. आत एकटीच बोलते. कधी हसते, कधी कुणाला तरी दरवाजापासून दूर उभे राहा म्हणते. परवा तर ‘आपण रांगेत आहात, आपण रांगेत आहात’ असं किती वेळ चाललं होतं. बाहेर आली की मात्र तोंडातून शब्द नाही. मुलगा म्हणतो, काम करते. मी काही बोलले नाही. पण असं काय काम असतं? काय करावं?”

पहिलं उत्तर मी सरळ बोलून टाकलं. त्यात टीव्हीचा उल्लेख होता, माझ्या माहेरचा होता आणि शेवटी थोडं ओरडणं होतं. ते पुसलं. दुसऱ्यात ओरडणं नव्हतं, पण टोमणे होते. तेही पुसलं. शेवटी ओठांवर हसू ठेवून म्हटलं, “आजी, सून आत खरंच काम करत असेल हं. कधी दार वाजवून तिलाच विचारा ना, काय करतेस म्हणून. आणि टीव्हीचा आवाज थोडा कमी ठेवलात, तर तुमच्या कानांनाही विश्रांती मिळेल.”

हे शेवटचं वाक्य कुठल्याही शास्त्रात बसत नव्हतं. ते निव्वळ माझ्या सोयीसाठी होतं. पण भ्रष्टाचार करणाऱ्या प्रत्येकाला आपलं पहिलं पाऊल लोककल्याणाचंच वाटतं.

दुसऱ्या दिवशी घर शांत. मी एका फर्निचरच्या दुकानाची जाहिरात रेकॉर्ड करत होते. उत्तम टेक चालला होता आणि कपाटाच्या दारावर टकटक झाली. दार उघडलं. सासूबाई.

“काय करतेस?”

“काम.”

“बरं,” म्हणाल्या आणि दार लावून गेल्या. टेक वाया गेला, पण आमच्या घरात सासूसुनेचं बोलणं सुरू झालं, असं त्याला म्हणायला हरकत नव्हती.

चटक वाईट. त्यानंतर ताईने आजींना सांगितलं की दारावरची पार्सलं घेतल्याने हातांना छान व्यायाम होतो. सासूबाई शेजाऱ्यांची पार्सलं घ्यायला लागल्या. प्लंबरशी बोलल्याने मेंदू तल्लख राहतो, असंही ताईचं मत पडलं. प्लंबर बिचारा नळ दुरुस्त करून, सातापर्यंतचे पाढे म्हणून गेला. “आई कसली बदललीये!” नवरा म्हणाला. “ॲप म्हणजे कमाल आहे.” मी नम्रपणे चहा ढवळत राहिले. इतक्या वर्षांत एवढं सुख मी कधी बघितलं नव्हतं, आणि तेही सहानंतर काम करून.

मग एक दिवस त्यांचा आणखी एक निरोप आला. या वेळी खाकरणं नव्हतं. आवाज इतका लहान की मला वाटलं, दुसरंच कुणीतरी आहे.

“ताई, आज काही तक्रार नाही,” त्या म्हणाल्या. “दुपारी घर फार शांत असतं, म्हणून बटण दाबलं. टीव्हीचा आवाज तुम्ही सांगितल्यापासून कमी ठेवते. पण त्याच्या आवाजाने घरात माणसं असल्यासारखं वाटायचं. मुलगा येतो तो फोनात बघत. सून आत बोलून बोलून दमते. बाहेर येते तेव्हा तिच्याकडे शब्दच उरलेले नसतात, ती तरी काय करणार? तुम्ही सकाळी दोन मिनिटं बोलता, तेवढं दिवसभर पुरवते. बाकी ठीक. उत्तर नाही दिलंत तरी चालेल.”

मी माइक चालू केला आणि बंद केला. असं बऱ्याचदा झालं. ताईकडे सगळ्या गोष्टींवर वाक्य असायचं, याच्यावर नव्हतं. नवऱ्याचा कोट खांद्याला लागत होता, तो मी उगाचच सरळ केला. मग बाहेर आले आणि सासूबाईंच्या शेजारी सोफ्यावर बसले.

त्यांनी माझ्याकडे संशयाने बघितलं. “काही हवंय का?”

“नाही. काय बघताय?”

“हीच आपली मालिका.”

“आवाज वाढवा ना थोडा. ऐकू येत नाही.”

त्यांनी वाढवला, पण बेताने. मालिकेत एका बाईची स्मृती गेली होती आणि ती परत आणण्यासाठी सगळे जण तिच्यावर ओरडत होते. आम्ही ती पूर्ण बघितली. मधे मी कोण कुणाचा कोण हे विचारलं आणि त्यांनी मला तीन पिढ्यांचं शत्रुत्व नीट उलगडून सांगितलं. पार्सलांचा आणि प्लंबरचा विषय ताईने त्यानंतर काढला नाही. चालेलनाचा फोन आला की एका निरोपाचं उत्तर राहिलंय. “ते माझ्याकडेच राहू दे,” मी म्हटलं.

फेब्रुवारी संपता संपता त्याने पुन्हा फोन केला. या वेळी सुरुवातीलाच “ताई, तुमचा आवाज म्हणजे प्रश्नच नाही” असं म्हणाला. फ्रीलान्सरला कळतं. स्तुतीने सुरू झालेला फोन कामाने संपत नाही.

“लोकांचे संकल्प मोडलेत ना आता,” तो म्हणाला. “त्यामुळे काहीतरी फ्रेश हवंय. तुमचा आवाज थोडा घरगुती वाटतो म्हणे. मालकांच्या मेहुणीचा आवाज फारच सुंदर आहे. उद्यापासून ती करेल. चालेल ना?”

नोकरीवरून काढताना माणसाला निदान समोर बसवून चहा विचारतात. मला कपाटात उभ्या उभ्या, एका हातात इस्त्रीचा शर्ट असताना काढलं. मी “चालेल” म्हटलं. सवय.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई पलंगावर बसलेल्या. एक बूट पायात, दुसरा हातात. फोनमधून एक मुलगी म्हणत होती, ‘हाय! उठलात का? चला, मस्त वॉक करू या!’

“ही ती नाही,” त्या म्हणाल्या.

“नवीन असेल. आवाज छान आहे की.” हे म्हणायला मला किती जड गेलं ते माझं मला माहीत.

“हिला माझ्या गुडघ्याचं काही पडलेलं नाही. हिला घाई आहे.” आणि त्यांनी पायातला बूटही काढला.

त्या दिवशी चालल्या नाहीत, त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. जेवल्यावर परत आडव्या. आठवडाभराने नवरा काळजीत पडला आणि गुडघा पुन्हा कुरकुरायला लागला. एका दुपारी त्या फोन घेऊन थेट कपाटाशी आल्या.

“तू आत बसून बोलण्याचीच कामं करतेस ना? मग लाव त्या कंपनीला फोन. सांग, पहिली बाई परत आणा.”

“आई, असं कुणी ऐकतं का?”

“लाव. आणि मोठ्या आवाजावर लाव, मला ऐकायचंय.”

लावला. पलीकडून उत्तर आलं, ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.’ मीच होते. हे वाक्य त्या कंपनीने माझ्याकडून कुठल्याशा जुन्या कामात घेतलं होतं आणि ते अजून इमानाने राबत होतं.

“ही कोण?” सासूबाई म्हणाल्या. “चक्क खोटं बोलतेय, ऐकूनच कळतं.”

मी तोंडावर हात ठेवला. बराच वेळ मला महत्त्वाचं ठरवून झाल्यावर लाइन कटली. मग नाइलाजाने मी चालेलनालाच फोन लावला, तोही मोठ्या आवाजावर, कारण सासूबाई जागच्या हलत नव्हत्या.

“नमस्कार. तुमच्या ॲपच्या एका ग्राहकाच्या वतीने बोलतेय,” मी शक्य तेवढ्या परक्या आवाजात म्हटलं. “ताईचा आवाज बदलल्याबद्दल तक्रार आहे.”

पलीकडची कीबोर्डची टकटक थांबली. मग, “ताई? अहो, तुम्हीच ना?”

“ग्राहकाच्या वतीने,” मी म्हटलं.

“ताई, मला कळतं हो. काम गेलं की माणसाला वाईट वाटतं. पण स्वतःच्याच आवाजासाठी असे खोटे ग्राहक उभे करणं बरोबर दिसत नाही. प्रोफेशनल राहू या, चालेल ना?”

“खोटे?” सासूबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला. “मी खोटी? कोण आहेस तू? कितवीत आहेस?”

“अं? नाही, मी प्रोजेक्ट—”

“बसून बोलतोयस? आधी उभा राहा.”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. “उभा आहे,” तो म्हणाला. त्याच्या वाक्याच्या शेवटी ‘चालेल ना?’ नव्हतं, हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

“माझा गुडघा त्या बाईच्या बोलण्याने सुधारला. तिला काढायच्या आधी कुणाला विचारलंस? तिला परत आण. आणि वाक्य पूर्ण करायला शीक.” फोन बंद करून त्यांनी मला परत दिला, आणि मग त्यांच्या कपाळावर आठी आली. “तो काय म्हणत होता? कुणाचं काम गेलं?”

आता लपवण्यात अर्थ नव्हता. “माझं,” मी म्हटलं. “आई, ती बाई म्हणजे मीच. फोनमधली. या इथे बसून रेकॉर्ड करत होते.”

त्यांनी कपाटाकडे बघितलं, स्टुलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “काहीतरीच.”

“खरंच.”

“अगं, ती बाई किती समजूतदार आहे!”

याला उत्तर म्हणून मी पाठ ताठ केली, ओठांवर हसू आणलं आणि म्हटलं, “सुप्रभात. चला, आज थोडं चालू या. फार नाही, कोपऱ्यापर्यंत.”

सासूबाईंनी डोळे मिटून ऐकलं. मला वाटलं, आता रडतील, किंवा रागवतील, किंवा निदान त्या निरोपांच्या आठवणीने लाजतील. त्यांनी डोळे उघडले. “नक्कल बरी करतेस,” त्या म्हणाल्या. “पण ‘चला’ म्हणताना ती थोडी थांबते. तू घाई केलीस.”

“आई, मीच ती—”

“परत म्हण.”

मी परत म्हटलं. “आता जरा जवळ आलं,” त्या म्हणाल्या. “उद्या सकाळी म्हण. बघू जमतंय का.”

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “मी सांगितलं होतं ना, सांगू नकोस म्हणून? बरं झालं, तिने विश्वास ठेवला नाही.” नवऱ्याची बाजू कुठली, हा प्रश्न मी पूर्वी विचारायचे.

तेव्हापासून रोज सकाळी मी सासूबाईंच्या दारात उभी राहून माझी स्वतःची नक्कल करायला लागले. त्या पलंगावर बसून सूचना द्यायच्या. आज फार गोड झालं. आज झोपेत म्हटलंस. ‘कोपऱ्यापर्यंत’ मधला ‘र’ खाल्लास. एवढं बारकाईने मला एकाही स्टुडिओत कुणी तपासलं नव्हतं. बूट घालून त्या निघाल्या की मलाही जावं लागायचं, कारण ताई फोनमधून त्यांच्या बरोबर असायची आणि नकलेकडूनही त्यांची तीच अपेक्षा होती. सुरुवातीला मी वाटभर ताईची वाक्यं म्हणत होते. ती कोपऱ्याच्या आतच संपायची. मग मी माझंच बोलायला लागले. फर्निचरवाल्याने जाहिरातीत ‘सोफा’ हा शब्द आनंदाने रडत म्हणायला सांगितला, ते. लिफ्टच्या कामात फक्त मजल्यांचे आकडे म्हणत गेलेला सबंध दिवस, ते.

“असं काम असतं होय तुझं?” त्या रस्त्यात थांबून म्हणाल्या आणि खूप हसल्या. मग त्यांनी मला एका तपासनीसाची गोष्ट सांगितली. तो वर्गावर आला आणि खुर्ची मोडून पडला, आणि मुलांनी शिकवल्याप्रमाणे उभं राहून टाळ्या वाजवल्या. ही गोष्ट मी इतकी वर्षं त्याच घरात राहून ऐकली नव्हती. आम्ही कोपरा कधी ओलांडला हे दोघींना कळलं नाही. परतताना धाप मलाच लागली.

मार्चच्या शेवटी चालेलनाचा फोन आला. “ताई, तुम्हीच जिंकलात! फार तक्रारी आल्या. त्या तुमच्या... त्या ग्राहक बाईंसारख्या बऱ्याच आहेत. सोमवारपासून तुमचा आवाज परत. रेकॉर्डिंग जुनीच वापरणार, म्हणजे तुम्हाला काही त्रासच नाही. नवीन काही द्यायचंही नाही. चालेल ना?”

मी सासूबाईंच्या पद्धतीने उभी राहिले. “नाही,” मी म्हटलं. “नाही चालणार.”

“ओह,” तो म्हणाला. “पण ते करारात आहेच. मी आपलं सांगायचं म्हणून सांगितलं.”

आयुष्यातलं माझं पहिलं ठणठणीत ‘नाही’ असं वाया गेलं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, निदान सरावाला उपयोग झाला.

सोमवारी सकाळी मी दारात उभी राहून तोंड उघडणार, तेवढ्यात पलंगावरच्या फोनमधून आवाज आला. ‘सुप्रभात. चला, आज थोडं चालू या. फार नाही, कोपऱ्यापर्यंत.’

सासूबाईंनी मान तिरकी करून ऐकलं. परत लावलं, परत ऐकलं. नवरा टाय बांधत मागे येऊन उभा राहिला. “आई, बघ, आली ना तुझी ताई?”

“आली खरी,” त्या म्हणाल्या. “पण आता तिच्यात ती मजा राहिली नाही. हिच्यासारखं करायला बघते,” असं म्हणत त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं, “पण जमत नाही तिला.” फोन त्यांनी मुलाच्या हातात दिला. “काढून टाक हे. उगाच जागा अडवतं.”

नवरा माझ्याकडे बघत राहिला. मी खांदे उडवले. आधी जुन्या रेकॉर्डिंगमधल्या आणि आता दारातल्या, अशा आपल्याच आवाजाने आपलंच काम दोनदा खाल्लेली माझ्या धंद्यात मी पहिलीच असेन.

सासूबाईंनी बुटांच्या नाड्या घट्ट केल्या, गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि माझ्या आधी दाराबाहेर पडल्या. जिन्यातूनच त्यांचा आवाज आला, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

“चल लवकर! आणि बोलत चल, नाहीतर तू मागे राहिलीस तर मला कळत नाही.”